अर्ध्या मिनिटाचा पास

क्लबातल्या ब्रिजमध्ये पत्त्यांवरून भांडण क्वचितच होतं. होतं ते बहुधा भिडू किती वेळ गप्प बसला यावरून. पुढचा संवाद अशाच एका भांडणानंतरचा आहे. एक आहे शंकेखोर. त्याचं अर्धं आयुष्य मेंढीकोट आणि तीनशेचार खेळण्यात गेलं आणि ब्रिजकडे तो निवृत्तीनंतर वळला. दुसरी नादिष्ट. ब्रिजशिवाय गेलेला शनिवार तिला आठवत नाही. दोघांची नावं सांगायचं कारण नाही, कारण प्रत्येक क्लबात ही दोघं भेटतातच.

शंकेखोर : विचार करणं हा गुन्हा कधीपासून झाला, एवढंच मला सांगा. पान न् पान सांगतो, ऐका. मी पूर्वेला. हातात इस्पिकची राणी, नव्वी, छक्की, चौकी. बदामाची एकटी सत्ती. चौकटचे राजा, गुलाम, अठ्ठी, पंजी, तिर्री. किलवरची दश्शी, छक्की, दुर्री. म्हणजे तुमच्या हिशेबानं सहा गुण. दक्षिणेनं ‘एक बदाम’ म्हटलं, माझ्या भिडूनं ‘एक इस्पिक’, उत्तरेनं उडी मारून ‘तीन बदाम’. मी ‘तीन इस्पिक’ म्हटलं आणि दक्षिण ‘चार बदामा’वर गेली. आता भिडूची पाळी. त्यानं बोलीची कार्डं असतात त्या बिडिंग बॉक्सकडे हात नेला, मागे घेतला, छताकडे पाहिलं, आणि अर्ध्या मिनिटानं हिरवं कार्ड काढलं : पास. उत्तर पास. मी म्हटलं ‘चार इस्पिक’. त्यांनी डबल दिला आणि आमचा एक हात कमी पडला. वजा शंभर. तिकडे त्यांचे चार बदाम सरळ होत होते, म्हणजे आमचे वजा चारशेवीस वाचले. झालं, दक्षिणेच्या बाईंनी डायरेक्टरला हाक मारली. डायरेक्टर आले, दोन प्रश्न विचारले, पुस्तक उघडलं आणि आमचा स्कोअर पुसून वजा चारशेवीस लिहिला. सगळ्यांसमोर. चाळीस वर्षं सरकारी हिशेब सांभाळले, एक पैसा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, आणि आता म्हातारपणी इस्पिकच्या राणीसाठी चोर ठरलो!

नादिष्ट : तुम्हाला चोर कुणी म्हटलं? तुमच्या हेतूबद्दल कुणी एक अक्षर तरी काढलं का? हा गैरसमज मी आजवर शंभर जणांचा पाहिला असेल. २०१७ च्या डुप्लिकेट ब्रिजच्या नियमांत दोन कलमं आहेत, सोळावं आणि त्र्याहत्तरावं. त्र्याहत्तरावं सांगतं की खेळाडूंनी शक्यतो एकाच लयीत खेळावं. पण नकळत लय बिघडली तर तो अपराध नाही, हेही तिथंच लिहिलंय. तुमच्या भिडूनं अर्धा मिनिट घेतला, त्यात त्याची काहीच चूक नाही. त्याच्यापुढे खरा पेच होता, त्यानं विचार केला. विचार करायलाच तर आपण तिथं बसतो. प्रश्न सुरू होतो तुमच्या पाळीला. भिडूच्या बोलीतून जे कळलं ते तुमचं. भिडूच्या घुटमळण्यातून जे कळलं ते तुमचं नाही. सोळावं कलम म्हणतं की पुढ्यात दोन वाजवी पर्याय असतील आणि त्यातल्या एकाकडे भिडूचं घुटमळणं बोट दाखवत असेल, तर तो घेऊ नका, दुसरा घ्या. वाजवी पर्याय कोणता? तुमच्याच दर्जाच्या खेळाडूंपैकी बऱ्याच जणांनी ज्याचा गंभीरपणे विचार केला असता आणि काहींनी जो निवडलाही असता, तो. डायरेक्टरनं एवढंच पाहिलं की तुमच्या जागी पास म्हणणारी माणसं असती का. असती. म्हणून स्कोअर बदलला. यात चोरी कुठं आली?

शंकेखोर : कायद्याची भाषा मला कळते, माझा जन्मच त्यात गेला. माझा प्रश्न माणसांचा आहे. आम्ही मेंढीकोट खेळत वाढलो. दश्शी पकडायची असेल तर भिडूला डोळा मारायचा, खाकरायचं, ‘आज उकडतंय फार’ म्हणायचं. समोरच्यांना कळायचं, ते हसायचे आणि पुढच्या डावात तेही तेच करायचे. अर्धी मजा त्यातच होती. आणि एकूणच आपल्याकडे माणसं शब्दांनी कमी बोलतात, सुरांनी जास्त. कुणी ‘बघू’ म्हटलं की ते हो आहे, नाही आहे की ‘पुन्हा विचारू नका’ आहे, हे आपण सुरावरून ओळखतो. एका शब्दाचे असे दहा अर्थ लावत जगलेल्या माणसाला तुम्ही सांगता, भिडू अर्धा मिनिट गप्प बसला ते ऐकू नकोस. कान काढून ठेवू का?

नादिष्ट : मेंढीकोटात डोळा मारणं दोन्ही बाजूंनी उघड चालतं, म्हणून ते चालतं. पण एक पाहा. रमीत किंवा सावंतवाडीच्या गंजिफात तुम्ही एक तास विचार केला तरी कुणाचं काही बिघडत नाही, कंटाळा आला तर येवो. मैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडेयरांनी गंजिफाचे कितीतरी नवे प्रकार रचले. राजाला वेळच वेळ, त्यानं घुटमळावं हवं तेवढं. या खेळांत जो तो आपल्यापुरता. घुटमळलात तर तुमचंच गुपित फुटतं, फायदा झालाच तर समोरच्याचा. लय नावाची भानगड उभी राहते भिडू आल्यावर. तुमच्या घुटमळण्याचा फायदा तुमच्याच बाजूला होऊ शकतो तेव्हा.

आणि ब्रिजमध्ये भिडूशी बोलायला शब्द तरी किती? एक ते सात आकडे, चार रंग, नो ट्रम्प, पास, डबल, रिडबल. मोजा. पंधरा. या पंधरा शब्दांतून अडतीस बोली तयार होतात, आणि तेरा पत्त्यांचे हात किती प्रकारचे येऊ शकतात? त्रेसष्ट हजार पाचशे एक कोटींहून जास्त. एवढ्या अफाट गोष्टी पंधरा शब्दांत सांगायच्या, आणि समोरच्यानं त्यातून अंदाज बांधायचा, हाच खेळ आहे. त्यात सूर आला, छताकडे पाहणं आलं, हात पुढे नेऊन मागे घेणं आलं, की सोळावा शब्द आला, सतरावा आला. मग अंदाज कशाला बांधायचा? फोनच करा भिडूला.

तुम्ही जनावरांच्या बाजारातला हत्ता पाहिलाय? रुमालाखाली हात, बोटं दाबून भाव. फळांच्या बाजारातही आंब्याचे सौदे असेच होत आले. दोन व्यापाऱ्यांना सगळं कळतं. ज्याचा माल आहे तो शेतकरी बाजूला उभा, त्याला काही कळत नाही. त्या दोघांपैकी कुणी वाईट नसेलही. पण रुमालाबाहेर जो उभा आहे त्याचं काय? त्या रात्री रुमालाबाहेर दक्षिणेच्या बाई होत्या.

शंकेखोर : हत्त्याचा दाखला झोंबला, मान्य. पण मी भिडूची बोटं चाचपलीच नाहीत! माझं म्हणणं हे आहे की चार इस्पिक मी तसंही म्हटलंच असतं. पुस्तकी खेळाडू नसलो तरी एकूण हातांचा नियम मलाही ठाऊक आहे. फ्रान्सच्या झाँ-रने व्हेर्न यांनी तो मांडला आणि लॅरी कोहेन यांच्या १९९२ च्या पुस्तकानं जगभर पोचवला. आपल्या बाजूचे हुकूम आणि त्यांच्या बाजूचे हुकूम यांची बेरीज केली की दोघांचे मिळून साधारण तेवढेच हात होतात. माझ्याकडे इस्पिकं चार, भिडूची पाच, म्हणजे नऊ. बदामाचं माझ्याकडे एकच पान, त्यांनी उड्या मारल्यात, म्हणजे त्यांचे बदाम नऊ. एकूण अठरा. त्यांचे चार बदाम होणार असतील, म्हणजे त्यांना दहा हात मिळत असतील, तर आम्हाला आठ. दोन कमी, डबल होऊन वजा तीनशे. तेही चारशेवीसपेक्षा बरेच. हा हिशेब मी भिडूच्या तोंडाकडे न पाहता केला.

नादिष्ट : अर्धाच केलात. उरलेला मी करते. एकूण अठरा हात, पण त्यांना नऊच मिळणार असतील तर? मग त्यांचे चार बदाम एकानं पडतात आणि तुम्हाला पन्नास मिळतात. तुम्हालाही नऊच हात, म्हणजे तुमचं चार इस्पिकही एकानं पडतं. मिळणारे पन्नास सोडून वर शंभर भरायचे. म्हणजे अठराच्या हिशेबात चार इस्पिक हा जुगार आहे. कधी लागेल, कधी अंगाशी येईल. म्हणून तर चांगले खेळाडूही तुमच्या जागी दोन्हींकडे झुकतात. आता समजा, भिडूकडे पाच नाही, सहा इस्पिकं आहेत. एकूण एकोणीस. त्यांना दहा तर तुम्हाला नऊ : वजा शंभर, चारशेवीसच्या जागी. त्यांना नऊ तर तुम्हाला दहा : चार इस्पिकच पुरं होतं. एकोणीस झाले की कुठूनही पाहा, चार इस्पिक बरोबर. म्हणजे सगळा निर्णय त्या एका पानावर टांगलेला होता, भिडूच्या सहाव्या इस्पिकवर. आणि सहावं इस्पिक असलेला माणूस चार बदामांनंतर काय करतो? हात पुढे नेतो, मागे घेतो, छताकडे पाहतो.

इथं शंकेखोर जरा थांबला. त्याला हिशेब आवडतो, आणि हा हिशेब बिनतोड होता. ब्रिजच्या बोलीतला विवेक म्हणतात तो हाच. गुण मोजणं कुणालाही येतं. चार, तीन, दोन, एक, हे एक्क्यापासून गुलामापर्यंतचे आकडे दहा मिनिटांत पाठ होतात. आपल्याला नेमकं काय माहीत नाही हे ओळखून त्या अंधारात एक बाजू निवडणं, याला वर्षं लागतात. आणि घुटमळणारा भिडू नेमका त्याच अंधारात दिवा लावतो.

शंकेखोर : ठीक. पण दिवा कशावर पडला? भिडू सहाव्या इस्पिकसाठीच थांबला, हे तुम्ही कसं ठरवलं? तो डबल द्यायचा विचार करत असेल. तो दक्षिणेच्या मागे बसलाय. त्याच्याकडे बदामाचे राजा-गुलाम असू शकतात, बाहेर एखादा एक्का असू शकतो. ‘यांना पाडावं का?’ असं त्याच्या मनात असेल, तर माझं चार इस्पिक म्हणणं चूक ठरलं असतं. अर्धा मिनिट गप्प बसणं म्हणजे ‘काहीतरी आहे’, एवढंच. काय आहे ते त्यातून कळत नाही. मग त्यानं माझ्यासाठी बोट दाखवलं, असं तुमचे डायरेक्टर कोणत्या तोंडानं म्हणतात?

नादिष्ट : हा खरा मुद्दा. यावर मोठमोठे डायरेक्टरही एकमेकांशी भांडतात. घुटमळणं दोन विरुद्ध दिशांना बोट दाखवत असेल, तर ते कुठेच बोट दाखवत नाही, आणि मग तुम्ही मोकळे. पण इथे माझा कल तुमच्या विरुद्ध आहे. भिडू डबलचा विचार करत होता असं धरलं, तरी त्याचा हात जड आहे एवढं कळलंच. भिडूचा हात जड असेल तर तुमचं चार इस्पिक फारसं मार खात नाही, कदाचित होऊनही जातं. आणि हात हलका असेल, पाचच इस्पिकं असतील, तर तो सरळ लयीत पास म्हणाला असता. तुम्हाला भीती कशाची होती? भिडूकडे काहीच नसण्याची. त्या अर्ध्या मिनिटानं तीच भीती पुसली. तरीही, हा निर्णय उलट गेला असता तर मी डायरेक्टरला मूर्ख म्हटलं नसतं.

आणि एक विचारू? चार इस्पिक तुमच्या मनात होतंच, तर पहिल्या फेरीतच का नाही म्हटलंत? उत्तरेच्या तीन बदामांवर तुम्ही तीन इस्पिक म्हटलंत. तेव्हा तुम्ही आपल्या हाताची किंमत केली, भिडूला सांगितली आणि पुढचा निर्णय त्याच्यावर सोडलात. त्यानं निर्णय दिला : पास. त्यानंतर त्याच हाताची किंमत तुम्ही वाढवलीत. मधल्या काळात तुमच्या पत्त्यांत तर काही बदललं नव्हतं.

शंकेखोर : दक्षिणेची चार बदामांची बोली आली होती ना मध्ये!

नादिष्ट : आली होती. पण उत्तरेनं उडी मारल्यावर ती येणार हे तुम्हाला दिसत नव्हतं?

शंकेखोर : बरं, दिसत होतं. आता मी दिसणाऱ्या दुसऱ्या गोष्टी सांगतो. क्लबात टेबलं किती? सहा. डायरेक्टर कोण? स्वतः खेळणारा. त्याच्याच हातात पुढचा बोर्ड आहे, त्याचीही बायको त्याच्यासमोर बसली आहे. तुम्ही म्हणता, तुमच्या दर्जाच्या खेळाडूंना विचारायचं. विचारणार कुणाला? तेच बोर्ड, म्हणजे तेच वाटलेले पत्ते, सगळ्या टेबलांवर फिरतात, निम्म्यांनी ते आधीच खेळलेत, उरलेल्यांना पुढे खेळायचेत. आणि एखाद्याला बाजूला नेऊन ‘या हातावर काय म्हणाल?’ असं विचारलं की त्या बिचाऱ्याला लगेच कळतं, कुणीतरी घुटमळलंय. नाहीतर कशाला विचारताय? मग तोही साधू बनून ‘पास’ म्हणतो. जागतिक स्पर्धेसाठी लिहिलेला कायदा तुम्ही गच्चीवरच्या सहा टेबलांना लावता.

शिवाय माणसं कोण आहेत ते पाहा. सत्तरीची, पंच्याहत्तरीची. कुणाला कमी दिसतं, कुणाच्या बोटांना कार्डं चिकटतात. एखाद्या बाईला ब्रिज शिकून सहा महिने झालेत, ती प्रत्येक बोलीला घुटमळते. नवरा-बायकोची जोडी असेल तर त्यांना एकमेकांचा श्वास कळतो. पन्नास वर्षं संसार केलाय, तुमचं सोळावं कलम तिथं काय करणार? आणि सराईत खेळाडू? त्याला पेच पडो न पडो, तो सात सेकंदांत पास म्हणायला शिकलाय. कायदा सगळ्यांना सारखा दिसतो, पण पकडला जातो नवखाच. पट्टीचा पोहणारा लाटा उठू देत नाही, एवढाच फरक.

नादिष्ट : डायरेक्टर स्वतः खेळत असतो, माणसं मोजकी असतात, हे सगळं खरं. तिथं मी हरले. क्लबातला निर्णय मोठ्या स्पर्धेतल्यासारखा काटेकोर होऊच शकत नाही. पण नवख्या बाईंबद्दल तुम्ही चुकताय. जी प्रत्येक बोलीला वीस सेकंद घेते, तिच्या वीस सेकंदांतून काहीच कळत नाही. तीच तिची लय. नेहमीच्या लयीपासून फारकत झाली तरच माहिती मिळते. उलट, ताडकन म्हटलेला पासही तितकाच बोलतो : ‘माझ्याकडे काही नाही, मला विचारू नका.’ लोक फक्त सावकाश पासवर बोट ठेवतात, ताडकन पासवर कुणी डायरेक्टरला बोलावत नाही. माझ्या मते तो जास्त धोक्याचा आहे.

आणि लय शिकता येते. विचार आपल्या पाळीला करायचा नाही, समोरच्याच्या पाळीला करायचा. उत्तरेनं तीन बदाम म्हटले तेव्हाच ठरवायचं : मी तीन म्हटलं आणि ते चारवर गेले तर मी गप्प. मग भिडू अर्धा मिनिट बसला काय, तास बसला काय, तुमचं उत्तर आधीच ठरलेलं. उडीच्या बोलीनंतर कित्येक ठिकाणी पुढच्याला दहा सेकंद थांबायलाच लावतात. पेच असो, नसो, थांबायचं. म्हणजे खरा घुटमळणाराही त्या दहा सेकंदांत लपतो. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये बिडिंग बॉक्स निघाला तोही याचसाठी. बोली तोंडानं म्हणत तेव्हा ‘पास’ म्हणण्याचे सतराशेसाठ सूर होते. कार्डांना सूर नसतो.

शंकेखोर : कार्डांना नसेल, कार्ड काढणाऱ्या हाताला असतो. आणि तुमचे हे शोध फसलेच ना? १९७५ मध्ये बर्म्युडात जागतिक स्पर्धेत टेबलावर पहिल्यांदा पडदा लावला, भिडू एकमेकांना दिसू नयेत म्हणून. तर इटलीच्या फाकीनी-झुकेल्ली जोडीचे पाय टेबलाखालून बोलताना दिसले. मग टेबलाखाली अडसर आला. १९६५ मध्ये ब्युनॉस आयर्सला इंग्लंडच्या टेरेन्स रीस आणि बोरिस शापिरोवर बोटांनी बदाम सांगितल्याचा आरोप झाला. जागतिक संघटनेनं दोषी ठरवलं, मायदेशातल्या चौकशीनं निर्दोष सोडलं. २०१५ मध्ये इस्रायलच्या फिशर-श्वार्ट्झ जोडीवर आरोप झाला की बोर्ड टेबलावर कुठं ठेवायचा यावरून ते उतारी सुचवतात, आणि पुढे युरोपियन संघटनेनं त्यांना दोषी धरलं. चोराला वाट सापडतेच. तुमची कलमं अडकवतात माझ्यासारख्याला, जो पायही हलवत नाही.

नादिष्ट : दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एका पिशवीत घालताय. ते आधी ठरवून केलेलं होतं, किंवा तसा आरोप होता. घरी बसून भाषा रचायची आणि टेबलावर बोलायची. त्याला शिक्षा आहे, बंदी आहे. घुटमळण्याला शिक्षा नाही, दुरुस्ती आहे. तुम्हाला कुणी दंड केला नाही, सामना गेला नाही. जे झालं असतं ते लिहिलं, इतकंच. आणि मोठ्या स्पर्धेतल्या पडद्याचं म्हणाल तर त्याचा सगळ्यात सुंदर गुण चोरांसाठी नाही, प्रामाणिक माणसासाठी आहे. पडद्याच्या एका बाजूला तुम्ही आणि एक प्रतिस्पर्धी. बोलीची कार्डं एका ट्रेमधून सरकवायची. ट्रे उशिरा आला तर पलीकडच्याला कळतच नाही की वेळ आपल्या भिडूनं घेतला की शेजारच्या प्रतिस्पर्ध्यानं. विचार करणारा मोकळा, ऐकणाराही मोकळा. आणि या खेळाला मान मिळतो तो तरी कशासाठी? २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत साठ वर्षांचे प्रणब बर्धन आणि छप्पन्न वर्षांचे शिबनाथ सरकार यांनी पुरुषांच्या जोडीत सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा ज्या घरांत ‘पत्ते कुटतोय’ म्हणून शिव्या बसायच्या तिथं पेढे वाटले गेले. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली रमीला कौशल्याचा खेळ ठरवताना दाखला ब्रिजचाच दिला होता. हे कौशल्य कुठलं? सूर ऐकण्याचं नव्हे.

शंकेखोर : पण क्लबात पडदा नाही. गच्चीवर पंखा आहे, चहा आहे, आणि अडीच फुटांवर भिडूचं तोंड आहे. २०२० मध्ये सगळे घरी बसून संगणकावर खेळू लागलो तेव्हा तोंड दिसत नव्हतं, पण वेळ दिसत होता. आमच्या एका भिडूचा उशीर म्हणजे बहुतेक वेळा कुकरची तिसरी शिट्टी असायची. त्यातूनही लोक अर्थ काढत होते!

माझी खरी अडचण अजून तुम्ही ऐकलेली नाही. सगळं मान्य करतो. अठरा-एकोणीस, रुमाल, लय, सगळं. तरी पुढच्या शनिवारी तोच हात आला, भिडू तसाच थांबला, तर माझ्या मनात चार इस्पिक आधी होतं की त्याच्या थांबण्यानंतर आलं, हे मलाच सांगता येणार नाही. विचार काही तारीख-शिक्का मारून येत नाहीत. त्या रात्री मी खरंच आधी ठरवलं होतं, असं मला वाटतं. शपथेवर सांगू? नाही सांगणार. कळलेली गोष्ट न कळल्यासारखी करा, असं तुम्ही म्हणता. मी कळली होती का हेच विचारतोय.

नादिष्ट : म्हणूनच तर नियम तुमच्या मनाला विचारत नाही, तुमच्यासारख्या पाच जणांना विचारतो. मन विश्वासार्ह नाही हे गृहीत धरलंय. तुमचं नाही, कुणाचंच. माझंही. मी काय करते सांगू? भिडू थांबला की मला जे म्हणावंसं वाटतं त्याच्याकडे संशयानं पाहते. आणि यात मी कधीकधी उगाच स्वतःला मारते, हेही खरं. जिथं दुसरा पर्यायच नव्हता, तिथंही सोवळेपणानं पास म्हणून बॉटम, म्हणजे सगळ्यात खालचा स्कोअर, घेतलाय. भिडूनं आठवडाभर तोंड फुगवलं.

शंकेखोर : मग मी सोपा मार्ग सांगतो. मी चार इस्पिक म्हणेन आणि लगेच स्वतःच डायरेक्टरला बोलावेन. ‘भिडू थांबला होता, तुम्ही ठरवा.’ लपवाछपवी नाही, कुणावर आळ नाही, दक्षिणेच्या बाईंना हाकही मारावी लागणार नाही.

नादिष्ट : डायरेक्टरला बोलवा, जरूर. आपल्याकडे ती हाक पोलिसाला मारल्यासारखी वाटते, ते आधी जायला हवं. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये पंचाला विचारलं म्हणून कुणी चोर ठरत नाही. पण ‘मी म्हणतो, तुम्ही ठरवा’ हे चालत नाही. सोळावं कलम डायरेक्टरसाठी लिहिलेलं नाही, तुमच्यासाठी लिहिलेलं आहे. बोली निवडताना आधी तुम्ही बांधलेले, डायरेक्टर नंतर येतो. पास हा वाजवी पर्याय आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर चार इस्पिक तुम्ही म्हणायचंच नाही. मग दक्षिणेला काही कळो न कळो.

शंकेखोर : म्हणजे ज्याला कलम पाठ आहे तो बांधलेला. ज्यानं ते वाचलंच नाही, तो आनंदानं चार इस्पिक म्हणतो, समोरच्यांना पत्ता लागत नाही आणि टॉप घेऊन घरी जातो. दर शनिवारी. आणि मी आज तुमच्याकडून सगळं समजून घेतलं, म्हणून पुढच्या शनिवारपासून मी वजा चारशेवीस. मी हे ऐकलं नसतं तर फायद्यात राहिलो असतो, असंच ना?

नादिष्ट बाई यावर लगेच बोलल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शंकेखोरानं त्याचा काय अर्थ काढायचा तो काढला. त्र्याहत्तराव्या कलमाप्रमाणे प्रतिस्पर्ध्याला तेवढी मुभा आहे, स्वतःच्या जबाबदारीवर.